पट्टीवरच्या शेंगा

मोरेश्वररावांच्या पिशवीत त्यांच्या वैमानिक मुलाचा जीव घेणाऱ्या विमान अपघाताचा चौकशी अहवाल होता. धावपट्टी मोकळी होती, चूक वैमानिकाची, असं त्यात लिहिलेलं. शिरपूरच्या बसस्टँडवर शेजारच्या बाकावर दोघी बोलत होत्या.

"कपाशी फवारणारं इमान पडलं, तवा तू तठेच होती ना, भिकुबाई?"

"पट्टीवरच बसेल होती. मुगाच्या शेंगा वाळत घातल्या होत्या, शेरडं हाकलत होती."

"मंग चौकशीच्या साहेबाला शेंगा कशा नाही दिसल्या?"

"तो दुसऱ्या दिवशी आला. त्याच्या आधी आम्ही बठ्ठं सारं झाडून नेलं. दीरानं सांगून टाकलं, पट्टीवर कोणीच नव्हतं."

"पण इमान येताना दिसलं तर उठायचं ना, अक्का."

"उठेपर्यंत, माय, पार अंगावर आलं अन् त्यानं नाल्याकडे वळवलं."

त्यांची धुळ्याची गाडी लागली. मोरेश्वरराव उठले नाहीत.

"बाई, त्याचा चेहरा दिसला तुम्हाला?"

"कोणाचा, बाबा?"

"विमानातल्या मुलाचा."

"दिसला ना. माझ्या पोराएवढा, लोटनएवढा असंल. हातानं मला सरक, सरक म्हणत होता."