दोनशेवीस नंबरचा कप्पा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय माणिकराव, मंचावरचे आपले सत्कारमूर्ती पुंजाजीकाका, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या कौशल्याकाकू, बाहेरगावाहून वेळ काढून आलेले पाहुणे आणि कारखान्यातल्या माझ्या सर्व सहकाऱ्यांनो, सर्वांना जय भीम आणि नमस्कार.

निरोपाच्या भाषणात गोड बोलायचे असते, हे मला ठाऊक आहे. पण काकांचे वय त्रेपन्न आहे. ते कंटाळून जात नाहीत, आम्हीही त्यांना काढत नाही. मग ते का जात आहेत? आज ते सांगायलाच हवे.

हा कारखाना मी चालवते, म्हणून बाहेरच्यांसाठी थोडे सांगते. लाकूड घासायला मशीनला गोल पॉलिश पेपर लावतात. साठ नंबर खरखरीत, दोनशेवीस अगदी मऊ. पूर्वी मेहकरच्या आपल्या कारखान्यात हे सगळे पेपर एका पोत्यात कोंबलेले असायचे. पावसाळ्यात ते पापडासारखे वाकायचे, आणि हवा तो नंबर शोधण्यात तासभर जायचा. काकांनी उरलेल्या प्लायचे पाच कप्पे केले, प्रत्येक कप्प्यात वर दाबायला फळी ठेवली. अर्धे वापरलेले पेपर ते रोज संध्याकाळी निवडून ठेवत. वापरून मागचा आकडा पुसलेला असायचा, पण त्यांना आकडा लागतच नव्हता. डोळे मिटून बोट फिरवायचे आणि नंबर सांगायचे. आम्ही पैजा लावायचो, आणि हरायचो. (हसू नका माणिकराव, तुम्हीही हरला आहात!)

हीच विद्या त्यांनी सिंधूताईंना शिकवली. सिंधूताईंना वाचता येत नाही. पण सहा महिन्यांत त्यांचे बोट तयार झाले, आणि पेपरांचे कपाट मी त्यांच्या हाती सोपवले.

गेल्या वर्षी एका वाचनालयाची सागवानी दारे आपल्याकडे होती. शेवटचा हात काकांनी मारला. पॉलिश चढवले आणि दारभर गोल गोल ओरखडे उमटले. कपाट उघडले, तर दोनशेवीसच्या कप्प्यात ऐंशी नंबरचे पेपर!

मी सगळ्यांसमोर सिंधूताईंवर ओरडले. "वाचता येत नाही त्यांच्या हातात कपाट दिलं, हीच माझी चूक," असे म्हणाले.

त्या एवढेच म्हणाल्या, "मी नाही मिसळले हो ताई. मले वाचता नाही येत, पण हाताले त समजते न! काऊन आळ घेता?"

मी किल्ली काढून घेतली. दुसऱ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत. धाड गावाला, भावाकडे निघून गेल्या.

अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी काका सिंधूताईंना घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. एसटीने, मग जीपने, ते स्वतः त्यांना आणायला गेले होते.

"बाई, ते पेपर मी ठेवले होते," काका म्हणाले. "माह्या बोटायले आता काहीच समजत नाही. साठ बी सारखा अन् दोनशेवीस बी सारखा."

"कधीपासून?"

"दोन वर्सं झाली असतीन."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं त तुम्ही मशीन काढून घेतली असती. त्या दिवशी बी तोंड उघडलं नाही माह्यं. या लेकीवर आळ आला, अन् मी खाली पाहत राह्यलो."

काकूंनी मला नंतर सांगितले, दोन वर्षे त्यांच्या सदऱ्याच्या गुंड्या त्याच लावत होत्या. मीही त्यांना चहाचा पेला दोन्ही हातांनी धरताना पाहिले होते. विचारले का नाही? दारे वेळेवर जात होती ना! डॉक्टर म्हणाले, इतकी वर्षे मशीनचा थरथराट बोटांत गेला. आता संवेदना परत येणार नाही.

सिंधूताई काय म्हणाल्या, माहीत आहे? "काका, मले आधी सांगतले असते त मी बाजूले बसून निवडून देल्ले असते." आणि पुढचे आठ महिने त्या खरेच बाजूला बसल्या. त्या पेपर निवडून देत, काका नव्या मुलामुलींना दाब किती द्यायचा ते सांगत. मशीन मात्र काकांनी पुन्हा हातात घेतली नाही. शेवटी तेच म्हणाले, "नुसतं पाहत बसनं जमत नाही, बाई."

आता आपल्याकडे दर अर्ध्या तासाला मशीनवरचा माणूस बदलतो. हे आधी केले असते तर? काका, तुमची बोटे या कारखान्याने घेतली, आणि मी आज तुम्हाला शाल देते आहे.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि मंडप घालणाऱ्या सगळ्यांचे आभार. बोलण्यात कमीजास्त झाले असेल तर सभेने पोटात घालावे. पण एक चूक अशी पोटात घालण्यासारखी नाही. मी आळ घेतला तो सगळ्यांसमोर, आणि माफी मागितली ती ऑफिसचे दार लावून. सिंधूताई, तुम्ही मागच्या रांगेत बसला आहात. जरा उभ्या राहता का? तुमची काहीच चूक नव्हती. या सगळ्यांसमोर मी, धम्मशीला, तुमची माफी मागते.