सामायिक कोठार

दातांच्या दवाखान्यात शिलाईवाल्या काकू सुजलेला गाल धरून बसल्या होत्या. शेजारी नणंद-भावजय, दोघींच्या मोबाईलवर लढाईचा एकच खेळ.

“वहिनी, काल माझं गाव जळलं! माझा सगळा गहू सामायिक कोठारात, आणि सैन्य उपाशी!”

“तुझा दादा सरदार ना आपल्या गटाचा? त्याने दिला नाही?”

“ज्याला गरज त्याला मिळणार म्हणे. आणि गरज कायम त्याच्याच किल्ल्याला!”

“डोंबलाची समता! आपण राबायचं आणि याने बुरूज चढवायचे!”

“मतदान घेऊ म्हटलं, की भाषण ठोकत बसतो.”

“मग आत्ताच घे. आत दाढ काढतायत त्याची. अर्धा तास तोंड उघडं राहील, पण शब्द फुटायचा नाही.”

काकू ठणका विसरून कान टवकारून बसल्या. नणंद-भावजयींची बोटं मोबाईलवर भराभर चालली.

“अकरा विरुद्ध शून्य! वहिनी, आता तू सरदार!”

“बरी जिरली!”

“आता माझा गहू दे बाई परत.”

“देते गं. आधी माझी तटबंदी तर होऊ दे. कुणाला जास्त गरज आहे, ते बघायला नको?”