सावकाश विचार कर

रीनो शहरातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात बाळाला थोपटणाऱ्या टेसाचे कान शेजारच्या दोन म्हाताऱ्या दोस्तांकडे लागले होते.

“ओपल, काल पत्त्यांच्या डावात शेवटचं पान उघडल्यावर मी पैजेच्या सगळ्या चकत्या पुढे लोटल्या. तुझ्याकडे नुसती नव्व्यांची जोडी! हरली असतीस तर वेगासच्या पोकर स्पर्धेतली तुझी जागा मला मिळाली असती. तरी शो मागितलास? माझ्याकडे काहीच नाही, हे कळलं कसं?”

“तू म्हणालास, ‘सावकाश विचार कर.’”

“मग?”

“व्हर्लिन, पानं चांगली असताना तीस वर्षांत तू मला कधी विचार करू दिलायस?”

“धन्य आहेस, बाई!”

आतून ओपलला हाक आली.

“सावकाश ये. मी थांबतो.”

“पुन्हा थाप?”

“नाही गं. या खेपेला पानं खरी आहेत.”