बिनतेलाची गाडी आन् सोमवारची परेड

मूळचा मी रहिमतपूरचा. वडलांचं तितं सायकलीचं दुकान हुतं, दुकान म्हंजे काय, एक पत्रा, एक हवेचा पंप आन् पंक्चर बगायला पाण्याचं घमेलं. शाळंत कमी आन् त्या घमेल्यापाशी जास्ती, आसा मी वाडलो. मग पलटनीत भरती झालो, गाड्यांचा मेकॅनिक झालो, आन् काय सांगू तुमाला, आमच्या उस्तादानं एक गोष्ट अशी डोक्यात बसवली की ती आजून निघंना. दर सोमवारी मेंटेनन्स परेड. जशी जवानांची परेड तशी गाड्यांची. गाडी पळाली आसू दे न्हाईतर महिनाभर जाग्यावर हुबी आसू दे, सोमवारी बॉनेट उघडायचं, खाली वाकायचं, नट न नट हातानं चाचपायचा. मी नवा हुतो, म्हनलो उस्ताद, ही गाडी तर हललीच न्हाई, हिचं काय बगायचं. त्यो म्हनला, खडी गाडी ज्यादा बिगडती है बेटा. हे ध्यानात ठेवा, म्होरं मी हितंच घसरलो.

पेन्शन झाल्यावर तासगावला आलो, सासुरवाडी ती माझी. मालन, म्हंजे आमची मंडळी, तिच्या भावाचं बेदाण्याचं शेड हाय, त्येच्या शेजारी जागा घेतली, घर बांधलं आन् दाराम्होरं ग्यारेज टाकलं. ट्रॅक्टर, जीपा, टेम्पो, सगळं यायचं, फौजी मिस्त्री म्हनायची मानसं. हंगामात मालन भावाच्या शेडवर बेदाणा निवडाय जायाची आन् मी हितं हात काळे करायचो. लेक एकच, सुवर्णा. सांगलीला दवाखान्यात नर्स हाय, जावई बी तितंच नोकरीला. तिची पयली स्कूटी, मग जुनी पेट्रोलची गाडी, सगळं माझ्या हाताखालनं गेलेलं. तीन वर्सामागं मालन गेली. मग सुवर्णाचं येनं कमी झालं, मानसाला आपापला संसार आसतो. पन गाडीचं ऑइल बदलायचं झालं की यायाची. मी गाडीच्या खाली, ती आत भाकरी टाकायची, मग दोगं मिळून जेवायचो. आता खरं सांगू? मी ऑइल जरा लवकरच बदलायचो.

आन् मागल्या दिवाळीला त्येनी इलेक्ट्रिक गाडी घेतली. मला बी नेलं शोरूममधी, आप्पा तुमी बगा म्हनली. तितला सायेब म्हनला, काका, गाडीबरोबर मेंटेनन्सचा प्लॅन बी घ्या, एकदाच पैसे भरायचे, मग पाच वर्सं डोक्याला ताप न्हाई. मी म्हनलो, इंजिन ऑइल हाय का हिला? न्हाई. क्लच? न्हाई. प्लग, बेल्ट, डिझेल फिल्टर? न्हाई काका. मग पाच वर्सं तुमी करनार काय, हिची आरती? सगळं शोरूम हासलं. त्यो बिचारा सांगत हुता, ब्रेकचं ऑइल बगतो, कूलंट बगतो, टायर, एसीचा फिल्टर, ल्हान बॅटरी, चार्जिंगचं तोंड, सगळं तपासतो. मी म्हनलो, नुसतं तपासनं म्हंजे काय काम हाय व्हय? सुवर्णाच्या हातात पेन हुता, सही करनार हुती. मी तिच्या हातावर हात ठेवला आन् म्हनलो, घरात मिस्त्री आसताना प्लॅन कशाला पायजे. तिनं पेन खाली ठेवला.

येताना यष्टीत बसलो तवा माझ्या ध्यानात आलं. शोरूमवाल्याला मी गप केलं, पन बिनतेलाच्या गाडीला मिस्त्री तरी कशाला पायजे? आता ही लेक कशापायी यील? लय वंगाळ वाटलं बगा. दोन म्हैनं ती आलीच न्हाई, फोन करायची, आप्पा जेवला का, आन् मी म्हनायचो जेवलो.

मग हंगामात तिला दवाखान्यानं दीड म्हैना ट्रेनिंगला पुण्याला धाडलं. जावयाला मोटरसायकल हाय. म्हनून सुवर्णा आपली गाडी माझ्या दारात आनून म्हनली, आप्पा, सांभाळा. मला काय ते, घरात लेकरूच आल्यागत. ऊन तापाय लागल्यालं, दारात सावली न्हाई, म्हनून मेव्हण्याच्या शेडात लावली, तितं चार्जिंगला लाईट बी चांगली. शेडाच्या कडंला धुरीची खोली हाय. तुमाला म्हाईत न्हाई वाटतं, बेदाण्याचा रंग पिवळाधमक ऱ्हावा म्हनून बंद खोलीत गंधकाची धुरी देत्यात. दार उघडलं की धूर सगळ्या शेडात फिरतो, डोळं चुरचुरत्यात. गाडी त्या खोलीच्या भिंतीला हुती, आन् चार्जिंगची बंदूक, म्हंजे गाडीत खुपसायचं वायरीचं टोक, भिंतीच्या खिळ्यावर. मी रोज सकाळी फडक्यानं वरनं पुसायचो, आरशागत ठेवली हुती. पन आत वाकून एकदा बगितलं न्हाई. हिच्यात काय हाय बगायला, आसंच डोक्यात. अति शहाणा त्येचा बैल रिकामा म्हनत्यात, ते माझ्यासारक्याला बगूनच म्हनलं आसंल.

सुवर्णा आली, गाडी घिऊन गेली. पावसाच्या तोंडाला एक दिवस सकाळी फोन, आप्पा, रात्रभर लावली तरी गाडी चार्ज झाली न्हाई, मी रिक्षानं ड्यूटीला चालले. मी पेटी घिऊन पयल्या यष्टीनं सांगलीला. गाडीम्होरं हुबा ऱ्हायलो. चाळीस वर्साची पेटी, आन् त्यातला एक पाना कामाचा न्हाई. पेटी उघडली बी न्हाई मी. दुपारी ती आली, मग गाडी टोचन करून कंपनीच्या वर्कशॉपला नेली.

तितं तिशीतली एक बाई मेकॅनिक हुती. तिनं चार्जिंगचं झाकान उघडलं, हातातल्या बॅटरीचा उजेड मारला, आत समदं काळं पडल्यालं. मग बाईनं वास घेतला आन् म्हनली, काका, गाडी कुटं लावत हुता? म्हनलो शेडात. बेदाण्याच्या? व्हय. ती म्हनली, माजी आई बी शेडवर जाती, धुरीच्या दिवशी चांदीचं पैंजण घरात काढून ठेवती, काळं पडत्यात म्हनून. आवं, मालन बी तेच करायची. हंगामभर तिचं पैंजण सैपाकघरात खिळ्याला आसायचं, म्या किती वर्सं बगितलं. ती गेली तरी त्येच खिळ्याला हाय ते आजून. घरातच म्हाईत आसल्याली गोष्ट, आन् मी मिस्त्री म्हनवून घेनारा.

मी विचारलं, ताई, खरं सांगा, प्लॅन घेतला आसता तर? बाई इमानदार निगाली. म्हनली, धुरानं खराब झाल्यालं प्लॅनमधी बसत न्हाई काका, सामान तुमालाच घ्यावं लागलं आसतं. पन मधल्या तपासनीला गाडी आली आसती तर मला दिसलं आसतं, नुसतं साफ करून भागलं आसतं. आन् तपासनी प्लॅनबिगर बी हुती, त्या त्या टायमाला पैसे भरायचे. ज्येची गाडी लय पळती आन् जो सोता कवाच वाकून बगत न्हाई, त्येनं प्लॅन घ्यावा. पलटनीत उस्ताद चार सालं तेच सांगत हुता, वाकून बगा. हात फिरे तितं लक्ष्मी वसे, आन् मी हात फिरवला त्यो नुसता पत्र्यावरनं.

मी सुवर्णाला म्हनलो, बाळ, प्लॅन घे. ह्यातलं मला कळत न्हाई. लेकीला आसं मी कवाच म्हनलो नव्हतो. तिनं माझ्याकडं बगितलंच न्हाई. तिनं त्या बाईला विचारलं, आठवड्याला घरच्या घरी काय काय बगता यील? बाईनं कागदावर लिवून दिलं, टायरची हवा, ब्रेकच्या चकतीवरचा गंज, कूलंट, चार्जिंगचं तोंड, आन् खाली मोठ्या अक्षरात, केशरी वायरला हात लावायचा न्हाई, तितं करंट लय जोराचा. सुवर्णानं कागदाची घडी केली, माझ्या खिशात घातली. म्हनली, आप्पा, वर्सातनं एकदा गाडी हितं दावू, बाकीची परेड तुमच्याकडं. सोमवारी माजी सुट्टी आसती.

मी म्हनलो, आगं पन हिला ऑइल न्हाई, येवढ्या लांब कशाला येतीस दर सोमवारी. तवा ती हासली आन् तिनं डोळं पुसलं. म्हनली, आप्पा, दोन म्हैन्याला ऑइल कोन बदलतं वो? मला काय कळत नव्हतं व्हय?

आता दर सोमवारी गाडी दारात आसती, शेडाकडं न्हाई, मी पत्र्याचा मांडव घातलाय तिच्यासाटी. ती आत भाकरी टाकती, मी कागद बगून एकेक तपासतो. तुमी बी गाडी घेतली तर प्लॅन घ्या न्हाईतर नगा घिऊ, पन वाकून बगत जावा, सुखी ऱ्हाशीला. काम पंधरा मिनटाचं हाय. मी तास लावतो.