जड वाटतंय का?

सूचौच्या अॅक्युपंक्चरच्या दवाखान्यात रुईफांग नंबराची वाट बघत होती. शेजारची पोरगी एका म्हातारीला विचारत होती, आणि कान काही मिटता येत नाहीत.

“मावशी, सुई फार दुखते का हो?”

“मुंगी चावल्यासारखं होतं. मग आतून जड वाटतं, म्हणजे सुई बरोबर जागी लागली. तसं वाटलं की डॉक्टरला सांगायचं. उपाशीपोटी नाही ना आलीस?”

“पेज खाल्लीय. तुम्हाला बरंच ठाऊक!”

“आमचे हे माझ्याच हातावर शिकले. सुई टोचून सारखं विचारायचे, ‘जड वाटतंय का?’ बिचाऱ्यांचं मन राखायला मी लगेच हो म्हणायचे.”

“आणि खरं?”

“खरं जड वाटायला वर्ष गेलं!”

“आता बसत नाहीत दवाखान्यात?”

“गेले गं. आतला डॉक्टर त्यांचाच शिष्य.”

“तुमचं काय दुखतंय?”

“कुठं काय! तोही सुई टोचून अगदी यांच्यासारखंच विचारतो.”