मावशीची हवा

सत्त्याण्णव सालची गोष्ट. गोजराबाई झेंडूची पाटी मांडीवर घेऊन इंदिरानगरच्या बसमध्ये बसल्या होत्या. दुसऱ्याचं बोलणं ऐकायची त्यांना हौस नव्हती, पण बसमध्ये कान काढून कुठं ठेवायचे? पुढच्या बाकावर चौथीतली एक पोर, हातात धुळीनं राखाडी झालेला पुठ्ठा धरून, आईला भंडावत होती.

“तेल लावून पुठ्ठा अंगणात टांगला, तर धूळ चिकटणारच ना? प्रयोगच तसाय, आई.”

“चिकटली. शाळेत बाईंनी पाहिली. आता पांढरा पुठ्ठा आणा म्हणाल्या. म्हणून दुसरा मावशीकडं टांगू, तिकडं धूळ नाही.”

“मग ती मावशीची हवा झाली.”

“शुभे, शाळेच्या प्रदर्शनाला पाहुणे कोण येणारेत?”

“खडी क्रशरचे शेठ.”

“आणि तुझे बाबा डंपर कुणाचा चालवतात?”

“त्यांचाच. पण धूळ कुठून येते ते शेठना माहीत नाही का?”

“माहितीये.”

“मग लपवायची कुणापासून?”

“गप बस जरा.”

“दिनेशनं थर्माकोलचं रॉकेट केलंय. त्याला बाई काहीच नाही म्हणाल्या.”

“रॉकेट वर जातं बाळा. कुणाच्या अंगावर येत नाही.”

“शास्त्रज्ञ पण पाहुणे बघून पुठ्ठा बदलतात?”

आईनं राखाडी पुठ्ठा स्वतःच्या हातात घेतला. गोजराबाईंचा फुलं चाळणारा हात थांबला.

“हा टाकू नकोस,” आई म्हणाली. “शुभे, दोन्ही लाव, शेजारीशेजारी. कुठला कुठं टांगला होता, तेही खाली लिही.”

“बाबा रागावतील.”

“बाबांना मी बघते. तू अक्षर मोठं काढ.”