काळ्या टेपखालची जोडणी

लाइनवाला : काका, भिंतीवरच्या वायरला ही काळी टेप कोणी लावली?

बाबा : लागली असेल. घर म्हटलं की टेप असतेच.

मुलगी : बाबा, चार वाजता माझी मुलाखत आहे आणि नेट सकाळपासून बंद आहे. खरं सांगा, काय केलंत?

बाबा : काय करणार? नेटचा डबा हॉलमधून तुझ्या खोलीत नेला. तुला रेंज मिळावी म्हणून. वायर कमी पडली, मग जोड दिला.

लाइनवाला : कशाने? थांबा, टेप सोडवतो. अरे देवा! ही तर दारावरच्या बेलची वायर!

बाबा : चांगलं तांबं आहे. आयुष्यभर वायरमनकी केली, माझा जोड कधी सुटला नाही.

लाइनवाला : सुटला नसेल हो, पण तुम्ही काच सोलून तांब्याला पिळलीत! या वायरच्या आत काचेचा धागा असतो, त्यातून करंट जात नाही, प्रकाश जातो.

बाबा : तरीच! कापण्याआधी टेस्टर लावला, तर दिवा पेटेना. म्हटलं, लाइन बंद आहे, बिनधास्त काप.

मुलगी : माझं नशीबच कापलंत. सुपरवायझरची नोकरी होती हो ती!

बाबा : रडू नकोस गं. हा बघतोय ना. मी पण बघतो, या टोकातून काही दिसतंय का...

लाइनवाला : डोळा लावू नका! तो प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. बसा खुर्चीत. मी गाडीवरून मशीन आणतो. काच वितळवून काचेलाच जोडायची.

मुलगी : चारच्या आत होईल?

लाइनवाला : काकांनी मदत केली नाही तर होईल.

(तो मशीन आणून काच जोडायला बसतो.)

बाबा : बरं, हात बांधून बसतो. पण एवढं सांग, ही वायर येते कुठून?

लाइनवाला : आमच्या ऑफिसातून एकच काच निघते. चौकातल्या पेटीत तिच्या बत्तीस फांद्या होतात, घरटी एक. प्रकाश सगळ्यांकडे सारखाच जातो, प्रत्येकाचा डबा आपलं तेवढंच उचलतो.

बाबा : आणि त्या पेटीला लाइट कुठून दिलाय?

लाइनवाला : कुठूनच नाही. आत नुसती काच. ना स्विच, ना फ्यूज.

बाबा : म्हणजे वायरमनला तिथे कामच नाही? हे बरं नाही केलं तुम्ही लोकांनी. बरं, आणि इकडून तिकडे काही पाठवायचं झालं तर? बत्तीस घरं एकदम बोलली तर गोंधळच की.

लाइनवाला : एकदम नाही बोलायचं. ऑफिस ज्याची पाळी लावेल त्यानेच बोलायचं, बाकीच्यांनी गप्प.

मुलगी : असा डबा बाबांना पण बसवता येईल का?

लाइनवाला : झालं बघा. डब्यावरचा लाल दिवा गेला, हिरवा आला. लागलं ताई नेट, घ्या लॅपटॉप!

बाबा : जा, जा. केस सारखे कर आधी. आणि दार लावून घे, मी खोकलोसुद्धा तर ऐकू जायला नको.

(दार लागतं. हॉलमध्ये दोघेच.)

लाइनवाला : नोकरी इथलीच का हो?

बाबा : छे. रात्रभर गाडीत बसावं लागतं, एवढी लांब.

लाइनवाला : मग घरी तुम्ही एकटेच?

बाबा : हिची आई गेली तेव्हापासून आम्ही दोघंच. म्हणून तर डबा तिच्या खोलीत नेला. मुलाखत अडखळली असती तर मला आतून बरं वाटलं असतं, आणि ते मला नको होतं.

लाइनवाला : चहा टाकू का, काका? स्वयंपाकघर कुठे आहे?

बाबा : थांब, दार उघडलं.

मुलगी : बाबा, ते विचारतायत, एक तारखेपासून रुजू होता येईल का. मी म्हटलं, वडिलांना विचारून येते. लाइनवर थांबलेत.

बाबा : अगं, मग इथे काय उभी आहेस? हो म्हण. घर मला खायला उठेल, ते माझं मी बघतो. तू हो म्हण.